"हेड गेलंय, नवीन घ्या" हे ऐकून लगेच मान डोलावू नका

आज खरंच डोकं फिरलंय. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा प्रिंटर काळं उमटवत नव्हता, रंग नीट येत होते. दुकानदाराने उघडूनही न पाहता सांगितलं, "हेड गेलंय, रिपेअर परवडणार नाही, नवीन घ्या." आणि प्रिंटर कुठल्या जातीचा? दोन छोट्या कार्ट्रिजचा, एक काळी आणि एक तिरंगी. अहो, या जातीत हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, कार्ट्रिजच्याच तळाला असतो. कार्ट्रिज बदलली की हेडही नवं येतं! मग अख्खा प्रिंटर कशासाठी फेकायचा?

काकूंच्या बाबतीत करायचं होतं ते एवढंच. कार्ट्रिज काढायची, चपट्या ताटलीत टिश्यू ठेवून त्यावर थोडं कोमट पाणी घालायचं आणि कार्ट्रिजचा तळ त्यावर मिनिटभर टेकवायचा. घासायचं नाही, फक्त टिपायचं. टिश्यूवर काळी पट्टी उमटली की शाई वाहतेय. कार्ट्रिजवरच्या तांब्याच्या ठिपक्यांना पाणी लागू द्यायचं नाही, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसून वाळवायचे. एवढं करूनही पट्टी उमटली नाही तर नवी काळी कार्ट्रिज. नवी लावूनही काळं आलं नाही, तरच प्रिंटरवर संशय घ्यायचा.

कुठलाही प्रिंटर असो, सुरुवात कॉम्प्युटर बाजूला ठेवून करा. काचेवर कागद ठेवा आणि प्रिंटरवरच्याच बटणाने कॉपी काढा. कॉपी नीट आली तर भानगड वायफायची किंवा ड्रायव्हरची (कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची) आहे. (बरेच घरगुती प्रिंटर वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात, राउटर बदलला की आधी हे तपासा.) कॉपीच खराब आली तर प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेकचं पान काढा (नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं). सगळं निदान त्या एका पानावर असतं, आणि नेमकं तेच कुणी काढत नाही.

पान कसं वाचायचं? रेघा जिथे तुटल्यात तिथे पेनने खूण करा. मेनूतूनच एक हेड क्लीनिंग करा, पुन्हा पान काढा. तुटलेली जागा तीच राहिली तर ते नोझल तुंबलंय किंवा मेलंय. दर वेळी जागा बदलत असेल तर शाईच्या वाटेत हवा आहे, आणि हवेवर क्लीनिंगचा भडिमार करून काही होत नाही. प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. एप्सनच्या एल मालिकेत (बाटलीने शाई भरायच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये) तीन क्लीनिंगनंतरही फरक नसेल तर किमान १२ तास थांबायचं, मगच पॉवर क्लीनिंग (भरपूर शाई ओढून होणारं जोरदार क्लीनिंग), आणि तेही प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असेल तरच.

लोक मात्र हट्टाने दहा-दहा क्लीनिंग करतात. ती शाई जाते कुठे? आतल्या शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये. पॅड भरल्याचा हिशोब प्रिंटर ठेवतो आणि हिशोब पुरा झाला की छपाईच बंद करतो. मग कुणीतरी सॉफ्टवेअरने आकडा शून्य करून देतो, पॅड तसंच ओलंगच्च, आणि पुढे टेबलावर शाई. आकडा शून्य करायचा असेल तर पॅडही बदलायचं, दोन्ही मिळूनच काम पुरं होतं.

क्लीनिंगने काडीचाही फरक पडत नसेल तर हेडला दोष देण्याआधी उजव्या कोपऱ्यातली रबरी टोपी बघा. हेड तिथे विसावतं, पंप तिथूनच शाई ओढतो. हेड बाजूला असताना टोपीत डिस्टिल्ड वॉटरचे पाच-सहा थेंब टाका आणि क्लीनिंग चालवा. पाणी तसंच राहिलं तर पंप ओढत नाहीये किंवा टोपी नीट बसत नाहीये. हेड बिचारं ठणठणीत असू शकतं.

आणि कृपा करून प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणाने बंद करू नका. प्रिंटरच्या बटणाने बंद केला की हेड टोपीखाली जाऊन झाकलं जातं. मधेच वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि शाई वाळते. काकूंनाही हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांची यात काय चूक? विकणाऱ्याने एक वाक्य सांगायला काय जातं?

पावसाळ्यात कागद ओढला जात नसेल किंवा दोन-दोन जात असतील तर आधी रीम बदलून बघा, कागद दमट झालेला असतो. नाहीतर ओलसर कापडाने कागद ओढणारा रोलर पुसा.

मान्य, दुकानदारालाही दोन तास घालवून दोनशे रुपये सुटत नाहीत. आणि काही वेळा नवीन घेणंच बरोबर, हेही खरं. एप्सनच्या घरगुती टाकीवाल्या प्रिंटरचं हेड खरंच मेलं असेल तर ते बदलण्याचा खर्च सहसा अंगावर येतो. माझा हिशोब साधा आहे: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपुढे गेली की थांबायचं. कॅननच्या जी मालिकेत मात्र काळं आणि रंगीत हेड सुटं बदलता येतं, तिथे घाई नको.

काकूंच्या प्रिंटरवरही माझा एक राग आहेच. छोट्या कार्ट्रिज फार लवकर संपतात. एचपीची ८०५ काळी साधारण १२० पानं देते, ६८० काळी ४८० च्या आसपास. एप्सनची ००३ काळी बाटली ६५ मिलीची, पण ४,५०० पानांच्या घरात जाते. रोज मुलांचे प्रोजेक्ट छापणाऱ्या घरात कार्ट्रिजवाला प्रिंटर टिकवण्यात अर्थ नाही. महिना-महिना हात न लावणाऱ्या घरात इंकजेटच नको, काळा-पांढरा लेझर घ्या, त्याची कोरडी पूड (टोनर) शाईसारखी वाळत नाही.

नवीन घ्यायचाच ठरला तर दुकानात तीन गोष्टी विचारा: हेड सुटं मिळतं का, वाया गेलेल्या शाईची पेटी घरी बदलता येते का, आणि वॉरंटी किती पानांपर्यंत आहे. जुना टाकीवाला रिक्षातून नेताना आडवा करू नका, शाई सांडते. आणि तो रद्दीवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसकट आहे.