उत्तर: 'निळ्या दिव्याचा धंदा'

नमस्कार काका (वय ६३ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते),

'निळ्या दिव्याची जाहिरात बंद करा. माझी कोलोनोस्कोपी त्याच मशीनवर झाली, सगळं नॉर्मल म्हणाले आणि दोन वर्षांत पॉलिप निघाला,' असं तुम्ही लिहिलंत. (बाकीच्यांसाठी: कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासणं, निळा दिवा म्हणजे त्या मशीनमधला खास उजेड, आणि पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली गाठ.) राग रास्त आहे. मागच्या लेखात 'या उजेडात काही सुटत नाही' असं मी लिहून बसले होते. ते चूक होतं, आज काढून टाकलं.

कारण सुटतं. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांचा २००६ साली एकत्र हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या खेपेला सुमारे २२ टक्के पॉलिप निसटलेले निघाले. बहुतेक बारके. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे सुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे 'तेव्हाच असणार' हा तुमचा संशय अगदीच हवेतला नाही.

पण 'धंदा' मला मान्य नाही. एनबीआयचं (नॅरो-बँड इमेजिंग, तोच तुमचा निळा दिवा) बटण दाबलं की ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० च्या आसपासचा हिरवा उजेड तेवढा उरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हे दोन्ही उजेड शोषून घेतं, म्हणून वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी होऊन उठून दिसतात. ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ, पांढऱ्या उजेडात गुलाबी आतड्यात मिसळून जाते. इथे तिचा तपकिरी डाग दिसतो.

गोम पुढेच आहे. पेशंटने तपासणीआधीचं जुलाबाचं औषध अर्धवट प्यायलं असेल तर उरलेलं पित्त याच उजेडात रक्तासारखं लाल दिसतं. चित्र मुळातच काळपट, त्यात हे. सर, म्हणजे तपासणी करणारे डॉक्टर, वैतागून पांढऱ्यावर परत येतात. आतड्याच्या उजव्या बाजूला पिवळट, शेंबडासारखा थर चिकटलेला दिसला की मी सिरिंजने पाणी मारते. तो निघाला की कधीकधी खाली चपटी, फिकट चकती असते. मग इंडिगो कार्मिन हा निळा रंग शिंपडायचा. जात्याच्या टाक्यांत पीठ बसावं तसा तो खाचांत बसतो आणि चकतीची कड उमटते. महागड्या मशीनवर तुमचा राग आहे ना? हा नुसता रंग आहे, काका.

आणि घड्याळ. अमेरिकेत इलिनॉयमधल्या १२ डॉक्टरांचा अभ्यास २००६ मध्येच आला होता. नळी बाहेर काढताना सरासरी ६ मिनिटं किंवा जास्त घेणाऱ्यांना २८.३ टक्के लोकांत गाठी सापडल्या, घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के लोकांत. एआय संशयास्पद जागेभोवती पडद्यावर चौकोन काढतं, त्या चौकोनाबद्दलही तुम्ही विचारलंत. तो पडद्यावर आलेल्यावरच बसतो. आतड्याच्या घडीमागचं त्यालाही दिसत नाही.

तुमचा जुना रिपोर्ट घरात असेल तर काढा. आतडं किती साफ होतं, नळी सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) गेली का, तिथला फोटो आहे का, बाहेर काढायला किती वेळ लागला, हे बघा. इथे टाकू नका मात्र, तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.