वसंतातला उत्साह शेतापर्यंत पोचू दे

वसंत लागला की काही जणांचे हात आपोआप मातीकडे वळतात. पण अनेकांचे वळत नाहीत, आणि हे त्यांच्यासाठी लिहितोय. हिवाळाभर कोपऱ्यात पडलेल्या कुंड्या, त्यांतली घट्ट बसलेली माती, मागच्या वर्षीच्या रोपांची वाळकी खोडं बघितली की मन म्हणतं, यंदा राहू दे. मग आपण हुरूप येण्याची वाट बघत बसतो आणि पेरणीचे दिवस निघून जातात. माझं ठाम मत आहे की हुरूप आधी येत नाही, हात मातीत गेल्यावर येतो.

म्हणून पहिल्या दिवशी पेरायच्या भानगडीत पडूच नका. एक कुंडी जुन्या वर्तमानपत्रावर उलटी करा. ढेकळं फोडा, जुनी मुळं वेचा, कुजलेलं खत मिसळा, पाणी घालून ठेवून द्या. बास, त्या दिवसाचं काम झालं.

दुसरं काम त्याहून सोपं. घरात उरलेलं जुनं बी असतंच. त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत दम सोडतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार वर्षंही चालतं. काही दिवसांनी फडकं उघडलं की दाण्याच्या टोकाशी साल फाटलेली असते आणि तिथून केसाएवढं पांढरं मूळ बाहेर डोकावत असतं. कितीही वर्षं बागकाम केलं तरी ते बघायला मी थांबतोच. दहातले सात-आठ रुजले तर बी चांगलं. दोन-तीनच रुजले तर दाट पेरा किंवा नवं आणा.

घाई मात्र नको. बाहेर ऊन छान पडलं म्हणजे मातीही तापली असं होत नाही. टोमॅटोचं बी १० अंश सेल्सिअसच्या मातीत रुजायला सहा आठवडे घेतं, तेच २५ अंशांच्या मातीत आठवडाभरात वर येतं. ज्यांना लवकर काही दिसायला हवं त्यांनी मुळा लावावा. थंडी त्याला चालते आणि महिनाभरात तो हातात येतो.

रोपं वर आली की कुंडीतून शेत दिसायला लागतं. पाणी जास्त झालं, हवा खेळती राहिली नाही, की बुरशी रोपाला मातीलगत धरते. रात्री ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं, खालचा भाग दोऱ्यासारखा बारीक झालेला. आपलं नुकसान चार रोपांचं. शेतकऱ्याकडे हेच अख्ख्या रोपवाटिकेचं होतं, आणि पुन्हा पेरेपर्यंत हंगाम पुढे सरकलेला असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस भाजी घेताना वेगळा वागतो असं मला वाटतं. वाकडं गाजर तो बाजूला सारत नाही.

आता खरा मुद्दा. जवळच्या शेतकऱ्याला आधार द्यायचा असं आपण म्हणतो आणि जातो कधी, तर माल भरपूर निघतो तेव्हा. तेव्हा सगळ्यांचाच माल एकदम आलेला असतो आणि भाव पडलेले असतात. शेतकऱ्याची खरी ओढाताण वसंतात असते. बियाणं, खत, मजुरी, इंधन, पाण्याच्या नळ्यांची दुरुस्ती, सगळा खर्च याच दिवसांत. साठवलेला माल संपत आलेला आणि नवं पीक अजून वीतभरही नाही. ज्या दिवसांत आपल्याला मोहोर आणि पालवी दिसते, त्याच दिवसांत त्याच्या खात्यातून पैसा फक्त बाहेर जात असतो.

यावर उपाय शोधून झालेला आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेईकेई' नावाने ग्राहक आणि शेतकरी थेट जोडले गेले. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशरमधलं टेम्पल-विल्टन या दोन शेतांनी हंगामी वाट्याची पद्धत सुरू केली. हंगामाच्या सुरुवातीला पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला जे पिकेल त्यातला वाटा घ्यायचा. पीक जोमात आलं तर टोपली भरून वाहते, गारपीट झाली तर ती तुमच्याही टोपलीत दिसते. जोखीम वाटून घेणं हाच त्या पद्धतीचा कणा आहे, म्हणून अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांनी त्यात पडू नये.

सगळ्यांना आगाऊ पैसे देणं जमणार नाही, हे मान्य. मग निदान शब्द द्या. अमुक भाजी दर आठवड्याला तुमच्याकडूनच घेईन, एवढं वसंतातच सांगितलं तरी किती वाफे लावायचे याचा अंदाज त्याला येतो.

जवळून घेतलं की पर्यावरण आपोआप वाचतं, असं मात्र मी म्हणणार नाही. अन्नामुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहसा लहान असतो, मोठा वाटा पिकवण्याच्या पद्धतीचा असतो. जवळचा म्हणजे बिनफवारणीचा, असंही नाही. ते विचारावं लागतं, आणि समोर माणूस असला की विचारता येतं. माझी कारणं साधी आहेत. मटार तोडल्याक्षणापासून त्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, त्यामुळे सकाळी तोडलेला मटार दुपारी खाण्यात जे आहे ते चार दिवसांच्या प्रवासानंतर उरत नाही. आणि पिकवणारा माणूस आपल्या आसपासच्या जमिनीवर टिकून राहावा असं मला मनापासून वाटतं.

घरी पिकवलं तर शेतकऱ्याकडून घेणं कमी होईल, ही शंका मला अनेकदा विचारली जाते. कुंड्यांतून पालेभाजी निघते, थोडी मिरची, थोडे टोमॅटो. धान्य, बटाटे, कांदे कुठून येणार? दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, अमेरिकेत घरोघरी मिळून दोन कोटींच्या आसपास बागा होत्या. तरी शेतं लागतच होती. युद्ध संपलं आणि त्यातल्या बहुतेक बागाही थांबल्या, कारण तो उत्साह संकटाच्या आधाराने उभा होता.

तेव्हा या आठवड्यात कुंडी उलटी कराल त्याच दिवशी जवळच्या एखाद्या शेतकऱ्याला गाठा आणि विचारा, यंदा काय लावताय आणि आत्ता कशाची गरज आहे? हंगामी वाटा देणारं शेत तुमच्या माहितीत असेल, किंवा तुम्ही स्वतः देत असाल, तर खाली जरूर लिहा. ज्यांना घ्यायचा आहे ते वाचतीलच.