वाटलेले दिवे म्हणजे वाचलेली वीज नव्हे

वीज वाचवण्यासाठी गोव्यात एलईडी दिवे आणि कमी विजेचे पंखे देण्याच्या योजनेवरच्या लेखात वाटलेल्या दिव्यांच्या संख्येला ठराविक युनिटांनी गुणून बचत काढली आहे. याला मूल्यमापन म्हणता येणार नाही. 60 वॉटच्या पिवळ्या दिव्याजागी 9 वॉटचा एलईडी रोज 4 तास लागला, तर वर्षाला साधारण 74 युनिटं वाचतात. पण त्या होल्डरमध्ये आधीच 14 वॉटचा सीएफएल असेल तर जेमतेम 7. दिवा खोक्यासकट कपाटात असेल तर शून्य! म्हणून वाटतानाच जुना दिवा परत घ्या, त्याचे वॉट लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी काही घरांत जाऊन होल्डर बघा.

पंख्यांचं गणित आणखी फसवं. जुन्या पंख्याच्या 75 वॉटऐवजी नव्या बीएलडीसी (ब्रशलेस मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्याचे 30 वॉट हा हिशेब पूर्ण वेगाचा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर 3 नंबरला फिरणारा जुना पंखा मुळात 75 वॉट खातच नाही. शिवाय बीएलडीसी पंखा त्याच रेग्युलेटरवर जोडला तर त्याचं सर्किट बिघडू शकतं, मग जुनाच पंखा परत छताला. रेग्युलेटर काढून थेट जोडणी हवी.

बिलं ताडताना मे महिन्याच्या बिलाशी ऑगस्टचं लावू नका. गोव्यात चतुर्थीला बंद घरं उघडतात, माणसं वाढतात. गेल्या वर्षीचा तोच काळ घ्या, युनिटांना बिलाच्या दिवसांनी भागा. मध्यंतरी एसी बसवला का, खोल्या पर्यटकांना दिल्या का, हेही विचारा. आणि योजना न मिळालेली शेजारच्या वाड्यावरची तशीच घरं तुलनेला हवीतच. त्यांचाही वापर तेवढाच घटला असेल, तर ती घट योजनेची नाही.