यारी लिटमानेन आणि न खेळलेला वर्ल्डकप : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

फिनलंडचा फुटबॉलपटू यारी लिटमानेन याच्यावरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस थांबलो. लेखात विक्रमाची चूक आहे, बार्सिलोना आणि लिव्हरपूल या क्लबांमधील त्याचे अपयश मी झाकले आहे, आणि ‘ज्याने एकही वर्ल्डकप किंवा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) खेळला नाही त्याला थोर म्हणणे हा भाबड्या चाहत्यांचा उद्योग आहे’, असे आपण लिहिले आहे.

विक्रमाबाबत आपले बरोबर आहे. फिनलंडकडून सर्वाधिक गोल करण्याचा मान आता त्याच्याकडे नाही. त्याचे 32 गोल फिनलंडच्याच तेमू पुक्कीने 2021 मध्ये मागे टाकले. चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली आहे. सर्वाधिक 137 सामन्यांचा विक्रम मात्र लिटमानेनचाच आहे.

‘भाबडे’ हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. मत पटले नाही तर तसे सांगावे. लिहिणाऱ्याची अक्कल काढण्याची गरज नव्हती. शिवाय तो शब्द वापरण्याआधी आपण 1995 च्या बॅलन डी’ऑरची, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराची, यादी तरी पाहायला हवी होती. पहिला जॉर्ज वेआ, दुसरा क्लिन्समन आणि तिसरा लिटमानेन. यांपैकी वेआ लायबेरियाचा. तोही कधी वर्ल्डकप खेळला नाही. मग त्याला निवडणारेही भाबडेच होते, असे आपले म्हणणे आहे का?

खेळाडू देश निवडून जन्माला येत नाही. लाहती या गावात, आइस हॉकीने वेडावलेल्या जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या देशात हा माणूस वाढला. 1993 मध्ये बर्गकॅम्प गेल्यावर आयाक्स या डच क्लबची दहा क्रमांकाची जर्सी त्याच्याकडे आली आणि त्याच हंगामात 26 गोल करून तो डच लीगमध्ये अव्वल ठरला. 1995 च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातील क्लबांची स्पर्धा) उपांत्य फेरीत जर्मनीच्या बायर्नविरुद्ध दोन गोल, पुढच्या वर्षी घरच्या मैदानावर ग्रीसच्या पानाथिनायकोसकडून हरल्यानंतर अथेन्समध्ये जाऊन पुन्हा दोन. त्याच वर्षी रोमच्या अंतिम सामन्यात इटलीचा युव्हेंटस आघाडीवर असताना आयाक्सच्या फ्रँक डी बोअरच्या फ्री किकवर गोलरक्षक पेरुझ्झीच्या हातून चेंडू सुटला आणि बचावपटूंचे पाय हलण्याआधी लिटमानेन तिथे पोहोचलेला होता. बरोबरी झाली. आयाक्स टायब्रेकरवर हरले, पण त्याची पेनल्टी गोलजाळ्यातच गेली होती. याहून मोठा मंच कोणता असतो?

आणि वर्ल्डकप का हुकला, तेही पाहा. 11 ऑक्टोबर 1997 रोजी हेलसिंकीत हंगेरीविरुद्ध फिनलंड 1-0 ने पुढे होते आणि जिंकले असते तर वर्ल्डकपच्या पात्रतेचा प्लेऑफ मिळाला असता. अगदी शेवटच्या क्षणी स्वतःच्याच गोलक्षेत्रातून बाहेर काढताना चेंडू अंगाअंगांवर आदळत फिनलंडच्याच जाळ्यात गेला. अशा एका चेंडूवरून आपण एका माणसाची अख्खी कारकीर्द मोजणार आहात.

मी कोल्हापूरचा आहे. माझे थोरले बंधू आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून फॉरवर्ड खेळत. सामन्याआधी ते गुडघ्याला पट्टी गुंडाळत, वर मोजा ओढत आणि आईला दिसू नये म्हणून पाठ करून बसत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या पायात चेंडू आला की विरुद्ध पेठेची गॅलरीसुद्धा गप्प व्हायची. त्यांना राज्याच्या संघाची जर्सी कधी मिळाली नाही. त्यांचा खेळ पाहत मी मोठा झालो आहे. तेव्हा खेळाडू मोठा असतो की त्याला मिळालेला मंच, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. शब्द कडक झाले असतील, पण मागे घेत नाही.

बार्सिलोना आणि लिव्हरपूलबद्दल मूळ लेखात दोन परिच्छेद आहेत, दुखापतींसह. ते आपण वाचले नसावेत. इथे पुन्हा लिहीत नाही.

नोव्हेंबर 2010 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो सान मारिनोविरुद्ध युरोच्या पात्रता सामन्यात उतरला आणि पेनल्टीवर गोल केला. पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1989 चा. एकवीस वर्षे तो त्या एका पात्रतेसाठी खेळत राहिला, आणि आपण त्याच्याबद्दल लिहिताना ‘खेळला नाही’ हे शब्द वापरले आहेत.