स्क्रीनवर आलेलं वाचू नका

घरचा प्रिंटर हमखास बंद पाडायचा, तर सुरुवात आधीपासून करावी लागते. छापायचा फॉर्म दोन-तीन आठवडे मेलमध्ये पडू द्या आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, प्रिंटरवरची धूळ झटका. इंकजेट असेल तर सोन्याहून पिवळं. महिनोन्‌महिने न वापरल्यामुळे शाई नोझलमध्ये, म्हणजे ती जिथून बाहेर पडते त्या बारीक भोकांत, वाळलेली असते, पानावर पांढरे पट्टे येतात. मग ‘हेड क्लीनिंग’ दाबा. पट्टे गेले नाहीत? पुन्हा दाबा. मध्ये थोडा वेळ थांबायचं वगैरे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल वाचायला का लिहितात? प्रत्येक सफाईत शाईच खर्च होते आणि ती प्रिंटरच्या पोटातल्या एका पॅडमध्ये जाऊन मुरते. तो पॅड भरला असं प्रिंटरच्या हिशेबात आलं की प्रिंटर काम थांबवतो. एकही पान न छापता कार्ट्रिज आणि प्रिंटर दोन्हींचा निकाल लावायचा हा राजमार्ग आहे.

प्रिंट दाबलं आणि काही झालं नाही, तर पुन्हा दाबा. मग आणखी जोरात दाबा. माउसला तुमची तळमळ कळते. तुमची प्रत्येक आज्ञा रांगेत जाऊन उभी राहते आणि पहिलीच अडकली असेल, तर मागच्या सगळ्या ताटकळतात. वैतागून कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी रांग हलत नाही, कारण ती डिस्कवर फाइल म्हणून लिहिलेली असते. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत जाऊन ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे ही रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, थांबवायचा, सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये स्पूल, त्यात प्रिंटर्स, ते फोल्डर फक्त आतून रिकामं करायचं आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा, की मोकळं. पण तुम्ही हे करू नका. दुसऱ्या दिवशी प्रिंटर अचानक शुद्धीवर येऊन एकाच फॉर्मचा गठ्ठा बाहेर टाकतो, ती मजा जाईल.

केबल नीट बसली आहे का हे बघणं कमीपणाचं समजा.

कोणी ‘रीस्टार्ट कर’ म्हणालं, तर शट डाऊन करा आणि पुन्हा चालू करा. एकच तर आहे! विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाचा प्रकार आहे, त्यात शट डाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना जसाच्या तसा परत आणला जातो. म्हणजे बिघाडही बऱ्याचदा जसाच्या तसा परत. रीस्टार्टमध्ये खरी नवी सुरुवात होते, म्हणून ते टाळा. समोरच्याला मात्र ठासून सांगा, ‘रीस्टार्ट करून झालंय.’

राउटरचा पासवर्ड बदला आणि प्रिंटरला कळवू नका.

प्रिंटरच्या यादीत एकच प्रिंटर ‘कॉपी १’, ‘कॉपी २’ अशा अवतारांत दिसत असेल, तर त्यातला करड्या रंगाचा, ऑफलाइन असलेला निवडा. राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसला, की असं होतं. जुने अवतार काढून टाकायचे आणि प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा पत्ता बांधून द्यायचा, एवढंच काम. पण एवढंच काम करायला वेळ कोणाला आहे?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्क्रीनवर आलेलं काहीही वाचू नका.

परवा रात्री माझ्या आतेभावाचा फोन आला. ‘ताई, प्रिंटर मेला.’
‘काय लिहून आलंय?’
‘काहीतरी आलं होतं. मी बंद केलं.’
‘परत प्रिंट दे आणि काय येतंय ते वाच.’
‘दिलं.’
‘काय आलं?’
‘अगं, सवयीने ओके झालं.’

हा माणूस शिकलेला आहे. ऑफिसात पानन्‌पान करार वाचतो, दुसऱ्यांच्या स्वल्पविरामाच्या चुका काढतो. पण स्क्रीनवर चौकट उगवली, की ह्याचं बोट डासाला मारावं तसं ओकेवर पडतं. बरं, ओके कशाला म्हणतोय ते तरी? ‘सगळी माहिती पुसू का?’ ओके. ‘हा अनोळखी प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करणार आहे, चालेल?’ चालेल, चालेल, ओके. मग तासाभराने मला विचारायचं, ‘ताई, हे टूलबार कुठून आले गं?’ तूच आणलेस, बाबा. अक्षता देऊन बोलावलेस.

शेवटी चौकट पुन्हा आणली आणि त्याच्याकडून एकेक शब्द वदवून घेतला. दोनच ओळी होत्या. ट्रेमधल्या कागदाचा आकार आणि मागितलेला आकार जुळत नाही, म्हणे. फॉर्म बनवणाऱ्याने ‘लेटर’ आकारात बनवलेला, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. ट्रेमध्ये ए४, २१० बाय २९७. प्रिंटर बिघडलेला नव्हता हो! तो गरीब बिचारा दिवा मिचकावत विचारत होता, ‘लेटर कागद देता का?’ त्याच्या एवढ्याशा पडद्यावरही तेच लिहिलं होतं. प्रिंटच्या खिडकीत ए४ निवडायचं आणि ‘फिट’वर टिचकी मारायची, संपला विषय. पण तोवर ह्याने ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, काढून टाकला होता, प्रिंटर उलटा करून हलवला होता आणि आत नसलेला अडकलेला कागद शोधायला मागचं झाकण उचकटलं होतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. आणि मी फोनवर उंटावरून शेळ्या हाकत बसलेली: ‘डावीकडे काय दिसतंय? नाही, तुझ्या डावीकडे.’

कागद खरंच अडकला असेल, तर एका हाताने, एका कोपऱ्याला धरून, हिसका द्या. फाटलेला तुकडा नेमका सेन्सरजवळ राहील आणि प्रिंटर जन्मभर ‘पेपर जॅम’ म्हणत राहील. दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेला हळूहळू ओढणारे लोक आयुष्यात काय थरार अनुभवत असतील, देव जाणे.

अपडेट कायम ‘नंतर’वर ढकला. २०२१ च्या जुलैमध्ये स्पूलरमध्येच हल्लेखोरांना आत शिरता येईल असं इतकं मोठं भोक सापडलं, की मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता तातडीचं अपडेट काढलं, अगदी निवृत्त केलेल्या विंडोज ७ साठीसुद्धा. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय? फोटो, बँकेची स्टेटमेंटं आणि ‘पासवर्ड्‌स’ नावाची फाइल.

आता ड्रायव्हर. काढून टाकलाच आहे, तर नवा कंपनीच्या अधिकृत साइटवरून मुळीच घेऊ नका. सर्चमध्ये सगळ्यात वर जे येईल त्यावर क्लिक करा. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं असतं, पण वाचायचं नाही हे आपलं ठरलंय. तिथे एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळेल. ते तपासणी करून सांगेल, की तुमच्या कॉम्प्युटरमधले ढीगभर ड्रायव्हर जुने आहेत आणि परिस्थिती गंभीर आहे. पैसे भरलेत की परिस्थिती सुधारेल. प्रिंटर नाही सुधारणार.

त्याच सर्चमध्ये मदतीसाठी फोन नंबरही असतो. आमच्या आतेभावाने मला लावण्याआधी तोच लावला होता. हे मला सगळं झाल्यावर, जाता जाता सांगितलं. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, म्हणे. एक ॲप टाकायला लावलं, स्क्रीनचा ताबा घेतला, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणा दाखवल्या आणि म्हणाला, व्हायरस आहे, आधी फी भरा. लाल खुणा! अहो, त्या प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरमध्ये असतात. आज उघडून बघा, तुमच्याही असतील. ह्याने फी भरायला बँकेची साइट उघडली. त्याच कॉम्प्युटरवर. ताबा त्या माणसाकडे असताना. तेवढ्यात वायफाय गेलं म्हणून वाचला.

हसू येत नाही मला आता. कागदाचा आकार चुकला होता, आणि त्यापायी हा माणूस आयुष्यभराची बचत एका अनोळखी आवाजाच्या हातात द्यायला निघाला होता. प्रिंटर दुरुस्त करायला कोणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. कार्डाचा नंबर लागत नाही. बँकेचं पान तर लागतच नाही. सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. नंबर हवाच असेल तर प्रिंटरच्या खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेला घ्या. असं ॲप टाकून बसला असाल, तर आत्ता उठा, नेट तोडा, ते काढून टाका, आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, आधी बँकेला कळवा.

आणि दोन ओळी वाचायला काय होतं हो तुम्हाला? भाषा येत नसेल तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर होतं. तेही नको असेल तर फोटो काढा. पूर्ण चौकटीचा, अक्षरं दिसतील असा. फ्लॅशचा पांढरा गोळा नकोय मला. तो पाठवा आणि मग फोन करा. ‘काही नाही, नुसता एरर आला होता’ असं कोणी म्हणालं, तर मी फोन ठेवून देईन.