तीन महिन्यांचा कोर्स आणि विश्लेषणाची पदवी: एका सल्ल्याचा प्रतिवाद

व्यवसायशिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो आणि तितक्याच सर्रास तो पुढे पाठवला जातो. आकडेवारीच्या विश्लेषणावर भर देणाऱ्या व्यवसाय पदवीत तीन-चार वर्षे घालवू नका. एक्सेल, एसक्यूएल (साठवलेल्या तक्त्यांतून माहिती काढण्याची भाषा) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) तीन महिन्यांत शिकता येतात, पदवीत सगळेच विषय वरवर शिकवतात, गणित कच्चे असेल तर ते झेपत नाही, आणि एवढे करून जे काम मिळवायचे ते उद्या कृत्रिम बुद्धिमत्ताच करणार आहे, असा त्याचा आशय. मी हा विषय पदवीच्या वर्गांना शिकवते आणि या सल्ल्यापायी चांगल्या विद्यार्थ्यांनी पाऊल मागे घेतलेले मी पाहिले आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा साधनांचा. तीन महिन्यांत एसक्यूएलमध्ये तक्ते जोडता येतात आणि पायथनमध्ये आलेख काढता येतात, हे खरेच आहे. पण साधन हाताशी असूनही विश्लेषण कुठे फसते, हे पाहायचे तर अर्थशास्त्रातले एक गाजलेले प्रकरण आठवावे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडले की, ज्या विकसित देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे जाते, त्यांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातल्या एका स्वाध्यायासाठी तेच गणित पुन्हा करायला घेतले आणि त्याला दिसले की, एक्सेलमधल्या सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले आहेत. बातम्या झाल्या त्या या सुटलेल्या ओळींच्या. प्रत्यक्षात सूत्राच्या चुकीचा वाटा लहान होता. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि सरासरी काढताना देशांना दिलेले भार, म्हणजे कोणाला किती वजन द्यायचे ते, हे निर्णय जास्त महागात पडले होते. न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन मिळाले होते. सगळे दुरुस्त केल्यावर सरासरी २.२ टक्के निघाली. सुटलेल्या ओळी एक्सेल नीट येणाऱ्या कोणालाही सापडल्या असत्या, पण एका वर्षाला किती वजन द्यावे हा प्रश्न पडायला संख्याशास्त्र लागते आणि ज्या विषयाचे आकडे आहेत त्याची जाणही लागते. ती जाण मुरायला वेळ द्यावाच लागतो.

दुसरा आक्षेप असा की, थोडे लेखाकर्म, थोडे विपणन, थोडे संख्याशास्त्र असा हा मिसळीचा प्रकार असून कशातच खोली नाही. या आक्षेपाला मी दरवर्षी वर्गात सोडवून घेते त्या एका उदाहरणाने उत्तर देते. एक नाशवंत वस्तू आहे. तिची रोजची मागणी सरासरी १०० नग, प्रमाण विचलन, म्हणजे मागणी सरासरीपासून साधारण किती ढळते त्याचे माप, २०. विकल्या गेलेल्या नगामागे ३० नफा, उरलेल्या नगामागे १० तोटा. रोज किती नग मागवावेत? बहुतेक हात १०० च्या बाजूने वर होतात. मग हिशेब मांडायचा: एक नग कमी पडला तर ३० बुडतात आणि एक जास्त झाला तर १०, म्हणून ३० भागिले दोन्हींची बेरीज ४०, म्हणजे ७५ टक्के दिवस मागणी पुरी पडेल एवढा साठा हवा. मागणी प्रसामान्य वितरणाची, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकारात सारखी पसरलेली असेल तर हा आकडा ११३ च्या आसपास येतो. इथपर्यंत संख्याशास्त्र झाले. खरी चर्चा यानंतर सुरू होते, कारण आता विचारायचे की हे ३० आणि १० आले कुठून. जागेचे भाडे या तोट्यात धरायचे का? धरायचे नाही, कारण नग कमी-जास्त मागवल्याने भाडे बदलत नाही. हे लेखाकर्माने सांगायचे. रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक पुन्हा आलेच नाही तर कमी पडलेल्या नगाची किंमत ३० हून जास्त होते. हे विपणनाने सांगायचे. वरवरचे म्हणून हिणवलेले विषय या एका आकड्यात एकमेकांना भिडतात, आणि ते एकाच विद्यार्थ्याने शिकलेले असण्यातच या पदवीचा अर्थ आहे.

गणिताच्या धास्तीबद्दल फार लिहावे असे नाही. वरच्या उदाहरणात अपूर्णांक, टक्केवारी आणि वितरणाचा तक्ता एवढेच लागले. पुढे संभाव्यता, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांतून काढणे), रेषीय प्रोग्रामिंग (मर्यादित साधनांत सर्वोत्तम पर्याय शोधण्याची गणिती रीत) आणि थोडे कलन (कॅल्क्युलस) येते. त्यासाठी नियमित सराव हवा, पण विलक्षण प्रतिभेची अट नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. कोड लिहिण्याचे आणि अहवालाचा मसुदा तयार करण्याचे बरेच काम ती आज करतेच, आणि केवळ तेवढ्यासाठी पदवी घेणाऱ्याची निराशा होईल. पण हाच युक्तिवाद तीन महिन्यांच्या कोर्सला अधिक लागू पडतो, कारण तिथे मुख्यतः तेवढेच शिकवले जाते. शिवाय अचूक काढलेला आकडाही दिशाभूल करू शकतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. बेरीज-भागाकारात काहीच चूक नव्हती. विभागवार पाहिल्यावर मात्र स्त्रियांवरचा तो अन्याय दिसेना, कारण जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणे कठीण होते अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते. यंत्राला एकूण टक्केवारी मागितली तर ते तीच देईल आणि ती बरोबरही असेल. विभागवार मांडणी मागण्याची गरज आधी माणसाला वाटावी लागते.

या नावाने चालणारे सगळे अभ्यासक्रम चांगले आहेत, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी सहा सत्रे सॉफ्टवेअरची बटणे दाखवण्यात जातात, आणि अशा पदवीपेक्षा तीन महिन्यांचा कोर्स खरोखर परवडला. म्हणून प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची प्रत मिळवून तीन गोष्टी पाहाव्यात: संभाव्यता आणि संख्याशास्त्राला किमान दोन सत्रे आहेत का, खर्चाचे लेखाकर्म सक्तीचे आहे का, आणि अपुऱ्या, चुका असलेल्या खऱ्या आकडेवारीवर लेखी निर्णय द्यायला लावणारा एखादा प्रकल्प आहे का. यांपैकी तिसरी गोष्ट नसेल, तर मी तिथे प्रवेश घ्यायला सांगणार नाही.