वाढवणचं बंदर आणि वरुडचा संत्रा

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. पालघरच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराची क्षमता वर्षाला 2 कोटी 32 लाख कंटेनर (20 फुटी डब्यांच्या मापात), म्हणजे तेवढा माल जाणारच. त्यातला मोठा वाटा बांगलादेश-श्रीलंकेचा. जहाजी वाहतूक तर आत्ताच वाढतेय. म्हणून संत्र्याला आणि कापसाला दुप्पट भाव मिळणार, असं त्यात म्हटलंय. शेजारच्या वावरातले दादा हे वाचून चार एकरांतली पराटी (कपाशी) मोडून संत्रा लावायला निघालेत. म्हणून लिहितो.

‘क्षमता एवढी, म्हणून माल एवढा.’ कणगी मोठी विणली म्हणून वावरात ज्वारी वाढत नाही. मुंबईजवळचं न्हावाशेवाचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि 2024-25 मध्ये तिथं सुमारे 73 लाख कंटेनर हाताळले गेले. इथवर यायला पस्तीस वर्षं लागली. वाढवणचा आकडा तर सगळं काम पुरं झाल्यानंतरचा आहे, आणि त्याचं भूमिपूजन झालं ऑगस्ट 2024 मध्ये.

‘मोठा वाटा शेजाऱ्यांचा.’ वाढवणचं बळ म्हणजे सुमारे 20 मीटरची नैसर्गिक खोली. ती युरोप-अमेरिकेच्या अजस्र जहाजांसाठी कामाची, आणि त्या वाटेनं जाणाऱ्या मालाचा फायदा होईल, हे मी मान्य करतो. पण बांगलादेशच्या चितगाव बंदरात धक्क्याला पाण्यात जेमतेम 10 मीटर बुडणारंच जहाज उभं राहू शकतं. दोन बंदरांमध्ये किती मोठं जहाज चालेल हे उथळ बंदर ठरवतं. शिवाय वाढवण देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बांगलादेश पूर्वेला. जहाजाला श्रीलंकेला वळसा घालावा लागणार. आणि श्रीलंकेच्या कोलंबो बंदराचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा: तिथं एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढणारा डबा दोनदा मोजला जातो. त्यात भारतातून परदेशी जाणारा मालही भरपूर असतो. ती सगळी श्रीलंकेची खरेदी नव्हे.

‘वाहतूक वाढतेय, वाढतच राहील.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण फसगत इथंच होते. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशनं जमिनीवरच्या नाक्यांवरून भारतीय सूत घेणं थांबवलं. मे महिन्यात भारतानं तिकडच्या तयार कपड्यांना जमिनीची वाट बंद केली. आणायचे तर न्हावाशेवा नाहीतर कोलकाता बंदरातून, अशी अट घातली. आता जो माल ट्रकनं जायचा तो जहाजात चढला, तर बंदराचा आकडा फुगणार. पण व्यापार वाढला का? एक गाठही जास्त विकली न जाता समुद्री वाहतूक ‘वाढलेली’ दिसू शकते. अशा वर्षाचा आकडा धरून पट्टीनं पुढची दहा वर्षं आखली, तर तो अंदाज एका अधिसूचनेसरशी कोसळेल. जमीन आणि समुद्र, दोन्ही वाटांचा माल एकत्र मोजल्याशिवाय काहीच कळत नाही. या मजकुरात तो मोजलेला नाही.

राहिला संत्रा. तो बांगलादेशात जातो मुख्यतः ट्रकनं, पश्चिम बंगालच्या सीमेवरून. त्याला वाढवणशी काय देणंघेणं? त्याचा भाव पडला तो बांगलादेशच्या आयात शुल्कानं: 2019 मध्ये किलोमागे 20 रुपये होतं, ते 2023 पर्यंत 88 वर गेलं. निर्यात इतकी घसरली की राज्य सरकारला अनुदान जाहीर करावं लागलं. त्या काळात बंदरं कमी झाली नव्हती.

दादांना मी एवढंच म्हटलं, कलमं घेण्याआधी आपला आंबिया बहार (संत्र्याचा एक हंगाम) उचलणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावा आणि आज सीमेवर किलोला किती शुल्क पडतं ते विचारा. आज लावलेलं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं घेईल.